सामाईक भिंतीवरचा जंतू

बत्तीस वर्षं आरोग्य निरीक्षक म्हणून नोकरी केलेल्या माणसाला विद्यापीठाच्या फाटकावर अडवून "पिशवीत काय आहे?" असं विचारावं, आणि त्या पिशवीत नेमकं सांगता न येण्यासारखंच काहीतरी असावं, याला काय म्हणायचं? भालचंद्र वैरागकर, म्हणजे आपले अण्णा, संतापले. त्यांचा संताप अगदी रास्त होता. पण फाटकाचं नंतर बघू. आधी ढेकरांचं सांगितलं पाहिजे.

अण्णांच्या पोटात तीन आठवडे गडबड चालली होती. नुसती गडबड असती तर त्यांनी ती ओवा-पाण्यावर निभावून नेली असती. पण ढेकर यायचे, आणि त्या ढेकरांना सडक्या अंड्याचा वास यायचा. आता ज्या माणसाने जन्मात अंड्याला हात लावला नाही, ज्याने निवृत्तीनंतर सोवळं धरलं, जो रोज कद नेसून पूजा करतो, नैवेद्य दाखवतो आणि मगच पानावर बसतो, त्याच्या तोंडातून अंडं बोलावं हा कुठला न्याय? त्यांच्या पत्नी गोदावरीबाई ढेकर आला की उठून खिडकी उघडायच्या. तोंडाने अवाक्षर काढायच्या नाहीत. बोलल्या असत्या तर अण्णांना निदान उत्तर तरी देता आलं असतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. सोलापुरात तुम्हाला साधी शिंक आली तरी चार घरांतून काढे येतात. एकाने कुळथाचं कढण सुचवलं. दुसऱ्याने बेंबीत हिंग भरायला सांगितला, आणि अण्णांनी तोही भरून पाहिला. तिसरा म्हणाला, "शेंगाची चटणी बंद करा." त्या माणसाशी अण्णा अजून बोलत नाहीत.

आणि गुन्हेगार तर अण्णांनी पहिल्याच दिवशी ठरवला होता. तो म्हणजे शेजारच्या सोनाबाईंची मांजर, शेंगी.

सोनाबाई माढ्याकडच्या. तीन वर्षांपूर्वी मुलाने, मानसिंगने, त्यांना शेतावरून इथे सोसायटीत आणलं. तेव्हा त्यांनी बरोबर एक ट्रंक आणली, एक पाटा-वरवंटा आणला आणि टोपलीत घालून ही शेंगी आणली. भुईमुगाच्या टरफलाच्या रंगाची म्हणून शेंगी. मुलगा-सून कामावर गेली की सोनाबाई पायरीवर बसून दिवसभर तिच्याशी बोलायच्या. "हितं दुसरं बोलायला हाय कोन? समदी दारं लावून बसत्यात," असं त्या एकदा गोदावरीबाईंना म्हणाल्या होत्या. त्या वेळी अण्णा दार लावून आत बसले होते, त्यामुळे त्यांनी ते नीट ऐकलं.

ही शेंगी दोन्ही घरांच्या मधल्या सामाईक भिंतीवर फिरायची. पाणी चार-पाच दिवसांनी येतं, म्हणून प्रत्येकाच्या अंगणात साठवणीची टाकी. अण्णांच्या टाकीच्या झाकणावर ती उन्हाला पसरायची. अण्णांचं म्हणणं सरळ होतं : मांजराच्या पोटातले जंतू झाकणावर, झाकणावरून पाण्यात, पाण्यातून वैरागकरांच्या पोटात. "शेंगीला हद्दीबाहेर काढा. टेंभुर्णीला जाणाऱ्या ट्रकात बसवून द्या. तिथल्या आडत बाजारात उंदीर भरपूर आहेत," असं त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं.

सेक्रेटरी म्हणजे शिवपुत्र बिराजदार. मूळचे दुधनीचे, निवृत्त मुख्याध्यापक. मराठी उत्तम, पण प्रत्येक वाक्य शेवटी कानडी वळण घेऊन थांबायचं.

"पुरावा पाहिजे की री, अण्णा," ते म्हणाले. "मांजर दुधाची चोरी करतं याला पुरावा लागत नाही. जंतूला लागतो."

"पुरावा आणतो," अण्णा गरजले. "तुम्ही ठरावाचा मसुदा तयार ठेवा. थांबा, मीच लिहितो. मसुदा लिहिण्यात माझी हयात गेली आहे."

आणि त्यांनी लिहिलाही. खास कार्यालयीन भाषेत : "ज्याच्यापासून संसर्ग झाल्याचे शास्त्रीय अहवालाने सिद्ध होईल, त्यास उपचार पूर्ण होईपर्यंत सोसायटीच्या हद्दीबाहेर ठेवण्यात यावे. सदर बाबतीत कोणाचीही गय करण्यात येऊ नये." शेवटच्या वाक्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. शेंगीचं नाव मुद्दाम घातलं नाही. मांजराचं नाव सरकारी मसुद्यात शोभत नाही.

पुरावा कुठे मिळणार तेही त्यांना माहीत होतं. सोसायटीच्या ग्रुपवर एक सूचना फिरत होती. ज्ञानदा नावाची एक मुलगी विद्यापीठात पीएचडी करत होती. मांजर आणि माणूस या दोघांच्याही आतड्यांत राहणारा जिआर्डिया नावाचा परजीवी, आणि त्याच्यातली जनुकीय विविधता, हा तिचा विषय. तिला मांजरांचे आणि त्यांच्या आसपासच्या माणसांचे नमुने हवे होते. कशाचे ते सूचनेत अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं.

"अहो, कशाला उगाच हात दाखवून अवलक्षण?" गोदावरीबाई म्हणाल्या. "डॉक्टरकडे जा, गोळ्या घ्या, गप्प बसा."

"गोळ्यांनी पोट बरं होईल. न्याय कुठे मिळेल?" असं म्हणून अण्णांनी फोन लावला.

ज्ञानदा घरी आली. चुणचुणीत मुलगी, पाठीवर पिशवी, बोलणं मऊ. तिने अण्णांना समजावलं, "काका, जिआर्डिया सगळे दिसायला सारखेच असतात. पण जनुकं तपासली की त्यांची आठ कुळं निघतात. एक कुळ फक्त मांजरांतच राहतं. दोन कुळं माणसांत राहतात आणि इतर प्राण्यांतही जाऊ शकतात. आपल्या गोत्रांसारखं समजा. कोणाचा जंतू कोणत्या गोत्राचा, ते आम्ही शोधतो."

अण्णांना ही गोत्राची उपमा फार आवडली. शेंगीचं गोत्र आपल्या पोटात सापडणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही.

मग तिने कागद काढले. संमतीपत्रच सात पानी. त्यावर नात्यात नसलेल्या साक्षीदाराची सही हवी, आणि साक्षीदाराने मजकूर वाचलेला असावा अशी अट. शिवपुत्र मास्तर ते मनात वाचतील तर ना! संध्याकाळी कट्ट्यावर, पंधरा माणसांच्या देखत, ते खणखणीत आवाजात वाचू लागले. "'सहभागी व्यक्तीस जुलाब, पोटफुगी अथवा दुर्गंधीयुक्त ढेकर...' अण्णा, हे खरं का री?" सातव्या पानापर्यंत सगळ्या सोसायटीला अण्णांचं पोट तोंडपाठ झालं.

त्यानंतर प्रश्नावली. तिच्यात एक प्रश्न होता : "जेवणाआधी साबणाने हात धुता का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही." अण्णांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बत्तीस वर्षं ज्याने हॉटेलांच्या मुदपाकखान्यात घुसून आचाऱ्यांना रांगेत उभं केलं, "हात पुढे! आता उलटे!" म्हणत त्यांची नखं तपासली, त्याला हा प्रश्न? तिन्ही चौकोनांवरून आडवं, मोठ्या अक्षरात त्यांनी लिहिलं, "निवृत्त आरोग्य निरीक्षक." ज्ञानदाने ते पाहिलं आणि कागद घडी करून ठेवला.

आता नमुने गोळा करायचे. मांजर ही जात आपला पुरावा गाडून टाकते, हे अण्णांना माहीत होतं. पण सोनाबाईंकडे मागायला जाणं त्यांच्या स्वाभिमानात बसेना. चार दिवस सकाळी साडेसहाला ते प्लास्टिकचा चमचा आणि डबी घेऊन शेंगीच्या मागे हिंडले. ती थांबली की हे थांबायचे. तिने मागे वळून पाहिलं की हे आकाशाकडे पाहायचे. फिरायला निघालेली माणसं विचारायची, "अण्णा, काही हरवलं का?" चौथ्या दिवशी बांधकामाच्या वाळूच्या ढिगात त्यांना हवं ते सापडलं. अण्णांनी ते अशा काळजीने उचललं की बघणाऱ्याला वाटावं, अस्थी वेचताहेत.

स्वतःच्या डबीचं वेगळंच रामायण. ज्ञानदा म्हणाली होती, नमुना थंड ठेवा. अण्णांनी फ्रिजचं दार उघडायला आणि गोदावरीबाईंनी स्वयंपाकघरात यायला एकच गाठ पडली. त्या फ्रिजला पाठ लावून उभ्या राहिल्या. "ह्या फ्रिजात माझं नैवेद्याचं तूप आहे. आज एक तर ही डबी घरात राहील, नाही तर मी," त्या म्हणाल्या. तीन वर्षांत प्रथमच अण्णांनी सोवळ्याच्या बाबतीत कोणाकडून तरी बोलून घेतलं. शेवटी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणून, बादलीत डबी ठेवून, वर ताट झाकून त्यांनी वेळ भागवली.

आणि अशा रीतीने ते दोन डब्या घेऊन त्या फाटकावर पोचले.

फाटकावरचा रखवालदार जोतीराम हा नियमाचा माणूस. त्याने वही पुढे सरकवली. "वस्तूचं वर्णन लिवा."

"ते खाजगी आहे," अण्णा म्हणाले.

"खाजगी आत सोडत न्हाय. वर्णन लिवा, नग किती ते लिवा."

खोटं लिहिणं शक्य नव्हतं. अण्णांनी जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या खोट्या नोंदी पकडल्या होत्या. त्यांनी दात-ओठ खाऊन लिहिलं, "मल. नग दोन. एक मांजराचे, एक स्वतःचे."

जोतीरामने बोट ठेवून वाचलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. पुढच्या रकान्यावर त्याने पेन टेकवलं. "परत न्यायचं हाय, का ठिवून जानार?"

"ठेवून जाणार!" अण्णा एवढ्याने ओरडले की आवारातली मुलं वळून बघायला लागली.

"मंग तसं लिवा की. वरडताय कशाला?"

दहा दिवसांनी ज्ञानदाचा फोन आला. तिचा आवाज फारच मऊ होता, तेव्हाच अण्णांनी ओळखायला हवं होतं. "काका, तुमचा नमुना ठीक आहे. त्यात जिआर्डिया आहे. पण मांजराचा म्हणून जो दिलात ना, तो कुत्र्याचा आहे."

अण्णा खुर्चीत बसले. चार सकाळी, तो चमचा, ते लोकांचे प्रश्न, आणि शेवटी कुत्रा! जनुकं एवढं सगळं सांगतात हे त्यांना कोणी आधी सांगितलं नव्हतं.

आता सोनाबाईंकडे गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. अण्णा गेले. ठरावाची बातमी सोनाबाईंना लागलेली होती. त्या पायरीवर शेंगीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अण्णांनी घसा साफ करून मागणी मांडली.

"आदी सांगायचं की," सोनाबाई म्हणाल्या. "ती परसात राखंच्या पाटीत जाती रोज. उगं गावभर हिंडलासा." त्या उठल्या, दोन मिनिटांत डबी भरून आणली, वर कागद बांधून अण्णांच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "न्या. माजा आन् मानसिंगचाबी देते, लागत आसंल तर. आमची शेंगी निर्मळ हाय, अण्णा. मला कशाचं भ्याव न्हाय." पण बोलताना त्यांचा हात मांजराच्या पाठीवरून सारखा फिरत होता. तो थांबत नव्हता, आणि हे अण्णांनी पाहिलं. त्यांना जरा वाईट वाटलं. मग ढेकर आला आणि वाईट वाटायचं थांबलं.

अहवाल तयार झाला तेव्हा अण्णांनी ज्ञानदाला रविवारच्या सभेलाच बोलावलं. ती म्हणाली, "काका, हे गोपनीय असतं. आधी तुम्ही एकट्याने वाचा."

"सत्याला गोपनीयता कशाला?" अण्णा म्हणाले. "मी लेखी परवानगी देतो. सर्वांसमक्ष वाच." सोनाबाईंनीही होकारार्थी मान हलवली. अण्णांनी परवानगी लिहून दिली. त्या परवानगीलाही साक्षीदार लागला. शिवपुत्र मास्तरांनी तीही मोठ्याने वाचली.

रविवारी अकराला सोसायटीच्या मंडपात चाळीस खुर्च्या भरल्या. सोनाबाई पहिल्या रांगेत, मांडीवर टोपली, टोपलीत शेंगी. ठराव झालाच तर कोणी हिसकावून न्यायला नको, आपणच उचलून द्यावी, म्हणून बहुधा टोपलीतच आणली होती. माढ्याहून आणली तीच ती टोपली.

ज्ञानदाने वाचायला सुरुवात केली. "काका आणि शेंगी, दोघांच्या नमुन्यात जिआर्डिया सापडला. आणि तपासलेल्या सगळ्या जनुकांत तो तंतोतंत एकच आहे."

"ऐका!" अण्णा उठले. त्यांनी मसुद्याचा कागद खिशातून काढून फडकवला. "एकच आहे! मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होतो?"

सोनाबाईंनी टोपलीवर पदर ओढला. त्यांचे डोळे भरून आले.

"काका, पुढे ऐका ना," ज्ञानदा म्हणाली. "मांजरांचं जे स्वतःचं कुळ आहे, ते शेंगीत नाहीच. तिच्यात सापडलं ते कुळ माणसांत नेहमी दिसतं. सोनाबाई आणि मानसिंगदादा, दोघांचे नमुने स्वच्छ आहेत. शंभर टक्के कोणी सांगू शकत नाही. पण माझ्या गाईड मॅडमचंही मत हेच आहे की, हा जंतू मांजराकडून काकांकडे आलेला नाही. काकांकडून मांजराकडे गेला आहे."

मंडपातल्या सगळ्या माना अण्णांकडे वळल्या.

"अशक्य!" अण्णा म्हणाले. "माझा त्या मांजराशी काडीचाही संबंध नाही. मी तिला कधी शिवलेलो नाही, खायला घातलेलं नाही!"

"घातलंया की," सोनाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर बाजूला केला. "रोज घालतासा. भिंतीवर भात ठिवतासा न्हवं का तुमी, जेवान झाल्यावर? माजी शेंगी घरात भाताला तोंड लावत न्हाय. साडेबारा वाजलं की भिंतीवर जाऊन बसती. तीन वर्सं झाली."

तो भात म्हणजे चित्राहुती! पानाच्या उजव्या बाजूला अण्णा स्वतःच्या हाताने कालवलेल्या भाताचे घास मांडत, आणि जेवण झालं की भिंतीवर कावळ्यासाठी नेऊन ठेवत. पाच मिनिटांत घास चाटूनपुसून साफ! "आमच्याकडे कावळा थांबतच नाही. वडील तृप्त आहेत," असं त्यांनी अख्ख्या सोसायटीला ऐकवलं होतं. हयातीत ज्यांनी मुलाच्या एकाही गोष्टीला बरं म्हटलं नाही ते वडील, तीन वर्षं रोज तृप्त होत होते, आणि अण्णांना त्याचं केवढं समाधान होतं! तो कावळा शेंगी होती.

"म्हणजे हातावाटे," ज्ञानदा हळूच म्हणाली. "काका, तुमच्या प्रश्नावलीत एक उत्तर राहिलंय. जेवणाआधी साबणाने हात..."

"अगं, तो प्रश्नच..."

"सोवळ्यात ह्यांना साबण चालत नाही," मागच्या रांगेतून गोदावरीबाईंचा आवाज आला. सावकाश, स्पष्ट, इतक्या आठवड्यांच्या खिडक्यांचा हिशेब चुकता करणारा. "साबणात चरबी असते म्हणतात. कद नेसला की पळीभर पाणी हातावर घेतात, झालं. मी सांगून थकले."

चाळीस माणसांनी एकदम श्वास सोडला. शिवपुत्र मास्तर हळहळून म्हणाले, "यप्पा! लोका सांगे ब्रह्मज्ञान!" दुसरा अर्धा भाग त्यांनी सभ्यपणे गिळला. मग त्यांनी अण्णांच्या हातातला मसुदा अलगद काढून घेतला, चष्मा लावला आणि वाचला. "'ज्याच्यापासून संसर्ग झाल्याचे सिद्ध होईल, त्यास उपचार पूर्ण होईपर्यंत हद्दीबाहेर ठेवण्यात यावे. कोणाचीही गय करण्यात येऊ नये.' खाली दोन रेघा आहेत री, अण्णा. मतास टाकू?"

अण्णा उभे होते. इतक्यात सोनाबाई उठल्या, टोपली कमरेवर घेतली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, मास्तर. म्हातारं मानूस. कुटं जानार ह्या वयात?"

एकसष्ट वय! सकाळी सहा किलोमीटर चालणारा माणूस! टेंभुर्णीच्या ट्रकात बसवलं असतं तरी अण्णांना एवढं लागलं नसतं. पण ठराव तहकूब झाला आणि माणसं हसत-हसत चहाला गेली.

डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. सगळं तोंड तांब्याच्या पळीसारखं कडू. तिकडे शेंगीलाही जनावरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं. अण्णांनी रोज नेमाने घास भिंतीवर ठेवले. मांजर आली नाही आणि कावळाही आला नाही. संध्याकाळपर्यंत भात तसाच वाळून जायचा, त्याला मुंग्या लागायच्या. अण्णा खिडकीतून बघायचे. चौथ्या दिवशी त्यांच्याने राहवेना. भिंतीशी जाऊन ते तिरसटपणे म्हणाले, "सोनाबाई, मांजर बांधून ठेवली की काय?"

"व्हय," पलीकडून उत्तर आलं. "तुमचं औषद पुरं झाल्याबिगर आमची शेंगी तुमच्या हातचं खानार न्हाय."

अण्णा ताडताड घरात आले. त्यांच्या हातचं एका मांजराला चालत नव्हतं! त्यांनी गोदावरीबाईंना विचारलं, हा अपमान आहे की नाही? गोदावरीबाई म्हणाल्या, सोवळं आहे.

त्याच दुपारी, उन्हात, अण्णा तीन दुकानं पालथी घालून खोबरेल तेलाचा साबण घेऊन आले. वेष्टनावरचं बारीक अक्षर त्यांनी भिंगाने दोनदा वाचलं. चरबी नव्हती. धर्मात बसत होता. इतकी वर्षं हे आपल्याला कोणी का सांगितलं नाही, म्हणून ते दुकानदारावरही रागावले.

सहाव्या दिवशी साडेबाराला अण्णा कद नेसून भिंतीशी आले. एका हातात पानावरचे घास, दुसऱ्या हातात गोळ्यांचं रिकामं पाकीट. पलीकडे सोनाबाई उभ्या, काखेत शेंगी. शेंगीने भाताचा वास घेतला आणि धडपडू लागली. सोनाबाईंनी तिला घट्ट धरलं. त्यांनी पाकीट घेतलं, उन्हाकडे धरून एकेक खळगा मोजला, आणि परत दिलं.

"साबन लावला व्हता?"

"लावला होता."

"दावा बगू हात."

अण्णांच्या कपाळाची शीर उडाली. ते काहीतरी सणसणीत बोलणार होते. शब्द ओठांवर आले होते. पण शेंगी त्यांच्याकडे बघत होती, आणि घास निवत चालले होते. अण्णांनी घास भिंतीवर ठेवले, दोन्ही हात पुढे केले, आणि सोनाबाईंनी सांगायच्या आतच ते उलटे केले.